आमच्यातल्याच एकीनं केलेली टोपली

हल्दा ॲशबोच्या संग्रहालयात एकही चिठ्ठी लावलेली नव्हती. वस्तू कुठली, किती जुनी, कुणी केली, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. चार भिंती, तीन खिडक्या, भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर टेकडीवरच्या मोहेगन या मूळ अमेरिकन जमातीच्या घरांतून गोळा झालेलं सामान. ज्याला जे हवं ते त्याने विचारावं. “देवानं तोंड दिलंय ना?” हल्दा म्हणायची. “मलाही दिलंय. मग मध्ये कागद कशाला?”

तिला दिलेलं तोंड जरा जास्तच धारेचं होतं, हे टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न तिने केलं नाही, कारण तिच्याच शब्दांत सांगायचं तर ज्यांनी विचारलं ते नको होते आणि जो हवा होता त्याला विचारायचं सुचलं नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ती सकाळी उठून संग्रहालयाची कडी स्वतः काढायची, शेगडी पेटवायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून वाट बघायची. हिवाळ्यात आठ आठ दिवस कुणी फिरकत नसे. तरी शेगडी पेटायचीच.

इमारत म्हणजे मुळात सफरचंदं साठवायची कोठी. बाग गेली तेव्हा हल्दाच्या वडिलांनी आणि भावाने ती रिकामी करून तिच्यात घरातल्या, शेजारपाजारच्या जुन्या वस्तू मांडल्या. दमट दिवशी आत पाऊल टाकलं की अजूनही आधी सफरचंदांचा वास यायचा आणि मग इतिहासाचा. मका कुटायचं उखळ होतं, लाकडाच्या गाठी कोरून केलेले वाडगे होते, पळ्या होत्या, केरसुण्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त टोपल्या. ॲशच्या झाडाचं लाकूड ठेचून काढलेल्या पट्ट्यांच्या टोपल्या, त्यांच्यावर लाल-निळे ठिपके आणि पानं रंगवलेली. काच कशालाच नव्हती. शाळेची मुलं हात मागे बांधून उभी राहिली की हल्दा खेकसायची, “हात लावा की. काचेमागं ठेवायला ते काय आजारी आहेत?”

मुलांचं ठीक, मोठी माणसं तिचं डोकं फिरवायची. बाहेरगावचा एखादा गृहस्थ टोपी काढून, चेहरा सुतकी करून विचारायचा, “बाई, तुमच्यातला शेवटचा माणूस कधी गेला हो?” त्यावर हल्दा शांतपणे म्हणायची, “काल संध्याकाळपर्यंत तरी कुणी गेल्याचं कळलं नाही. थांबा, भाची दूध आणायला गेलीय, आली की विचारते.” गृहस्थ हसावं की रडावं या पेचात पडायचा आणि जाताना पेटीत जरा जास्तच पैसे टाकायचा.

ही भाची म्हणजे एल्वा, हल्दाच्या भावाची मुलगी. वय बावन्न. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि नवऱ्याशी फाटल्यापासून आत्याकडेच राहत होती. दुपारी तीनला सुटली की ती तशीच, केसांना मसाल्याचा वास घेऊन, संग्रहालयात यायची. आत्यानंतर हे सगळं आपल्या गळ्यात पडणार हे तिला दिसत होतं आणि त्याची तिला धास्ती होती. म्हणून ती दर वर्षी एकदा चिठ्ठ्यांचा विषय काढायची आणि दर वर्षी आत्या तिला उडवून लावायची.

तोंड आणि कागदाची ती गोष्ट फक्त पाहुण्यांना सांगायला होती. खरं कारण एल्वाला माहीत होतं. ॲशबोंच्या घरात मेलेल्या माणसाचं नाव घेत नसत. टेकडीवरच्या बाकीच्या घरांनी ही पद्धत केव्हाच सोडली होती. त्यांच्या दगडांवर नावं होती, चर्चमध्ये त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना होत. हल्दाने मात्र आपल्या आजीचा शब्द धरून ठेवला होता. आजी सांगायची, हाक मारली की माणूस मागं वळून बघतो, वाटेला लागलेल्याला मागं वळवू नये. त्यामुळे हल्दाच्या बोलण्यात उखळ हे ‘तिघींच्या आईचं’ होतं, मोठा वाडगा ‘लंगड्या खलाशाचा’ होता, आणि एल्वाचा स्वतःचा बाप, जाऊन अकरा वर्षं झालेला, नुसता ‘तो’ होता. चिठ्ठी लिहायची तर नाव लिहावं लागलं असतं.

आणि एक ‘धाकटी’ होती. हल्दाची पाठची बहीण. एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेलेली. तिच्याबद्दल एल्वाला एवढंच ठाऊक होतं. संग्रहालयात तिचं काही नव्हतं. विचारलं तर हल्दा उठून शेगडीत लाकूड घालायची, शेगडी भरलेली असली तरी.

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी, शहरातल्या मोठ्या संग्रहालयाची एक बाई पुठ्ठ्याचा खोका छातीशी धरून टेकडी चढून आली. तिशीची असेल. नाव प्रेंटिस. खाली नदीवर धुकं होतं, झाडांची पानं झडून गेलेली, आणि तिचे नाजूक बूट चिखलाने भरले होते. एल्वा नुकतीच कामावरून आली होती. तिने बाईला शेगडीजवळची खुर्ची दिली.

“बसत नाही,” प्रेंटिस म्हणाली. “आधी हे बघा. मला वाटतं हे तुमचं आहे.”

तिने खोक्यातून पातळ कागद बाजूला सारले आणि एक टोपली बाहेर काढली. दोन्ही ओंजळींत मावेल एवढी, झाकणाची, सुईदोरा ठेवायची असते तशी. झाकणाच्या तीन कडांवर लाल रेघ होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी निळे ठिपके. दोऱ्याने एक जुना पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर लिहिलं होतं: मोहेगन. झाकणाची टोपली. बनवणारी: अज्ञात.

हल्दा खुर्चीतून उठली. कुणाचा हात न धरता ती उठली हे एल्वाच्या नंतर लक्षात आलं. टोपली घेऊन ती खिडकीशी गेली आणि झाकणावरून अंगठा फिरवू लागली, रेघेवरून, ठिपक्या-ठिपक्यावरून.

“रेघ म्हणजे वाट,” ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, मुलांना सांगायचा. “ठिपके म्हणजे वाटेवर भेटणारी माणसं.”

“चौथ्या बाजूचा रंग उडालाय बहुतेक,” प्रेंटिस म्हणाली.

“उडाला नाही. लावलाच नाही.”

प्रेंटिसने एल्वाकडे बघितलं. मग तिने घाईघाईने सगळं सांगितलं. त्यांच्या तळघरात अशा शेकडो वस्तू पडून होत्या. आता जागा रिकामी करायची होती. ज्या वस्तूचं घर सापडेल ती त्या घराला परत द्यायची, हे तिने विश्वस्तांशी भांडून मान्य करून घेतलं होतं. उरलेला सगळा ढीग पश्चिमेकडच्या एका संग्रहालयाला जाणार होता, तीन हजार मैलांवर. बैठक पुढच्या शुक्रवारी होती.

“एकच कागद भरायचाय, मिस ॲशबो. वस्तू, करणारीचं नाव, तुमचं तिच्याशी नातं. खाली सही. बस. तुम्ही ती ओळखलीत हे मला दिसतंय. पण ‘घरातली कुणीतरी’ असं लिहून ते ऐकणार नाहीत. नाव लागेल.”

हल्दाने टोपली फळीवर ठेवली, उखळाच्या शेजारी, जागा आधीपासून राखून ठेवल्यासारखी. मग म्हणाली, “चहा टाकते,” आणि मागच्या खोलीत गेली.

एल्वा पाठोपाठ गेली. मागची खोली म्हणजे एक चूल, एक नळ आणि दोन माणसांना जेमतेम उभं राहता येईल एवढी जागा. हल्दा नळाखाली किटली धरून उभी होती. किटली भरून पाणी बाहेर वाहत होतं.

“धाकटीची आहे ना?” एल्वाने विचारलं.

“हं.”

“मग सांग ना तिला! काय अडलंय? एक नाव लिहायचं, टोपली घरी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोपल्या पुसल्यास, स्वतःच्या बहिणीची एक नको तुला?”

“हळू बोल. बाहेर ऐकू जातं.”

“जाऊ दे ऐकू. आत्या, एकसष्ट वर्षं झाली. एकसष्ट वर्षांत कुठलीही वाट संपते गं. पोचली असेल ती केव्हाच.”

हल्दाने नळ बंद केला. “तुला काय ठाऊक ती पोचली?”

एल्वाने मधलं दार ओढून घेतलं.

मग हल्दाने सांगितलं. किटली हातातच होती आणि ती चुलीकडे तोंड करून बोलत होती. दवाखान्यातून धाकटीला मार्चमध्ये घरी पाठवलं होतं. पाठवलं म्हणजे हात टेकले होते त्यांनी. खिडकीपाशी खाट लावली. उशांना टेकून ती पट्ट्या विणायची, दम लागला की थांबायची. रंग तिने शेवटच्या आठवड्यात काढला. तीन बाजू झाल्या. “चौथी उद्या करते म्हणाली. मी म्हटलं, झोप गं, टोपली कुठं पळून चाललीय?” ती थांबली. “तिला मातीत ठेवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी मोटारीतून एक गृहस्थ आला. टोपल्या, केरसुण्या, काय मिळेल ते विकत घेत फिरणारा. ती टोपली खिडकीत होती. माझ्यानं तिच्याकडं बघवत नव्हतं, एल्वा. सकाळी उठलं की ती समोर. म्हणून दिली. देऊन टाकली. त्यानं पैसे दिले ते मी आईच्या हातावर ठेवले, तर आईनं ते माझ्यादेखत चुलीत टाकले. आणि माझ्याशी उन्हाळ्यापर्यंत बोलली नाही.”

“आणि नाव?”

“त्यानं वही काढली ना. कुणी केली म्हणून विचारलं. तीन दिवस झालेले. नाव कसं घेणार? मी म्हटलं, आमच्यातल्याच एकीनं.” हल्दाने किटली चुलीवर ठेवली. “त्यानं काय लिहिलं ते मला वाचता येत होतं. उलट्या बाजूनं. अज्ञात. मी बघत उभी राहिले. दुरुस्त कर म्हणाले नाही.”

एल्वाला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. “तर मग आता कर की दुरुस्त! देवानं दारात आणून ठेवलीय.”

“तिची टोपली मी विकली. एवढी एक गोष्ट मी तिच्यासाठी केलीय, की तिला मागं वळवलं नाही. ती पण मोडू? कागदासाठी?”

“टोपलीसाठी.”

“तेच ते.”

चहा झाला. तीन कप घेऊन दोघी बाहेर आल्या. प्रेंटिस फळ्यांसमोर उभी होती. हात लावावा की नाही अशा बेतात तिचा हात हवेत होता. गुडघ्यावर ठेवून लिहायला तिने एक जाड वही आणली होती, तिच्यावर तो कागद पसरलेला.

हल्दा खुर्चीत बसली. चहा तिने घेतला नाही. ती टोपलीकडे बघत होती. शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि एल्वाला वाटलं, आता उठेल आणि लाकूड घालेल.

“लिहा,” हल्दा म्हणाली.

प्रेंटिसने पेन उघडलं.

“हल्दा ॲशबो.”

“नाही, मिस ॲशबो, ते सहीच्या जागी. इथं करणारीचं नाव...”

“तेच सांगतेय. मीच केली. वीस-बावीस वर्षांची असेन.”

प्रेंटिसचा चेहरा उजळला. करणारी बाई स्वतः हयात, समोर बसलेली. अशी वस्तू अख्ख्या तळघरात दुसरी नसेल, ती म्हणाली. विश्वस्त तोंडात बोटं घालतील. भराभरा लिहिताना ती मध्येच थांबली. “एक विचारू? चौथी बाजू का नाही रंगवलीत?”

“वेळ मिळाला नाही,” हल्दा म्हणाली.

एल्वा हातात कप धरून भिंतीशी उभी होती. तिने एक शब्द जरी काढला असता तरी खोटं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. तिने काढला नाही. प्रेंटिसने साक्षीदार म्हणून तिचीही सही मागितली, ती तिने केली, शाळेत हजेरीवर करते तशी, अक्षर न बघता. टोपली पुन्हा खोक्यात गेली. दारात प्रेंटिसने हल्दाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, “कसलं सुंदर काम केलंय तुम्ही.”

ती गेल्यावर एल्वाने कप गोळा केले. “येणार ना शेवटी घरी,” ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. हल्दा उठून शेगडीत लाकूड घालू लागली.

टोपली एप्रिलमध्ये आली. सोबत एक पत्र होतं आणि जाड, पांढरंशुभ्र छापील कार्ड: ‘झाकणाची टोपली. बनवणारी: हल्दा ॲशबो, मोहेगन.’ पत्रात नम्रपणे लिहिलं होतं की वस्तू मांडाल तेव्हा हे कार्ड सोबत ठेवावं, ही परतीची अट आहे. अशा रीतीने त्या सफरचंदांच्या कोठीत पहिली चिठ्ठी लागली, आणि ती खोटी होती.

कार्ड असलं की लोक ते वाचतात. इतकी वर्षं माणसं आत आली की आधी हल्दाकडे बघायची, कारण दुसरीकडे बघून काही कळतच नसे. आता ती सरळ कार्डाकडे जात. वाचत. मग वळून तिच्याकडे बघत, आणि त्यांच्या डोळ्यांत कौतुक असे. “अय्या, तुम्हीच का त्या?” “या वयात अजून करता?” “तुमच्या हातांचा फोटो काढू?” चर्चच्या शिवणमंडळाच्या बायका तर मुद्दाम बघायला आल्या. त्यांच्यात थोराड आवाजाची मार्सिया होती, हल्दाबरोबर शाळेत गेलेली. ती टोपली न्याहाळून म्हणाली, “हल्दे, तुला पट्ट्या सरळ कापता येत नव्हत्या गं. ही कधी शिकलीस?” बायका हसल्या. आधीची हल्दा असती तर मार्सियाची सात पिढ्यांची उणीदुणी काढून तिला टेकडी उतरवली असती. या वेळी ती नुसती म्हणाली, “शिकले कधीतरी.”

तिचं बोलणं त्या उन्हाळ्यात कमी होत गेलं. मुलांना ती उखळाबद्दल सांगायची, वाडग्याबद्दल सांगायची, टोपल्यांच्या फळीपाशी आली की एल्वाला हाक मारायची. ऑगस्टात चर्चच्या अंगणात विगवामची, म्हणजे जमातीची दर वर्षीची, जत्रा झाली, शिंपल्यांचं सूप झालं, मका-वालाची उसळ झाली. दर वर्षी मका भाजून कुटायचं काम हल्दाचं. या वर्षी तिने मुसळ एल्वाच्या हातात दिलं आणि सावलीत बसून राहिली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, संग्रहालय झाडताना ती एकदम बोलली. “चूक केली मी, एल्वा.”

“कसली?”

“अज्ञात होती तोवर कुणीतरी विचारलं असतं. आज ना उद्या. कोण ही अज्ञात म्हणून. त्या पोरीनं विचारलंच ना, चिखल तुडवत आली.” तिने झाडू भिंतीला टेकवला. “आता कोण विचारणार? उत्तर लिहून ठेवलंय.”

एल्वाने तिला धीर द्यायचा प्रयत्न केला. आपण पत्र लिहू म्हणाली, प्रेंटिसबाई चांगली आहे, तिला खरं ते सांगू. “काय सांगशील?” हल्दाने विचारलं. “नाव विचारेल ती परत.” आणि विषय तिथेच संपला, कारण तो पुन्हा जिथून सुरू झाला होता तिथेच आला होता.

ऑक्टोबरात हल्दाने अंथरूण धरलं. छातीत कफ होता, आणि वय होतं. डॉक्टरने एल्वाला अंगणात नेऊन सांगितलं ते तिला न सांगताही कळलेलं होतं. खाट खिडकीपाशी हलव, असं हल्दाने स्वतःच सांगितलं. खिडकीतून नदी दिसायची. एकदा तिथून नौदलाच्या तळावरची पाणबुडी खाली समुद्राकडे गेली, काळी, अर्धी बुडालेली, तेव्हा ती म्हणाली, “बघ, हिचंही कुणाला काही दिसू नये म्हणून एवढा खर्च.” हा तिचा शेवटचा विनोद असेल असं एल्वाला वाटलं. पण तो शेवटचा नव्हता.

एका दुपारी एल्वा सूप भरवत होती. दोन चमचे गेले, तिसरा हल्दाने हाताने बाजूला केला.

“आत्या,” एल्वा म्हणाली. “मला सांग ना तिचं नाव. माझ्या कानात. मी कागदावर लिहिणार नाही. तोंडानं घेणारही नाही. नुसतं ठेवते.”

हल्दाने डोळे मिटले. तिला नाव आठवत होतं की नाही, की ती मनातल्या मनात ते घेत होती, एल्वाला काही कळेना. दवाखाना कधीच पाडला होता. तिथल्या रजिस्टरात म्हणे नुसतं ‘इंडियन मुलगी’ लिहिलेलं होतं. दगडावर काही नव्हतं. ज्यांनी तिला हाका मारल्या होत्या ती सगळी माणसं दगडाखाली गेली होती, या एकीशिवाय.

“तिला आधी विचारते,” हल्दा म्हणाली. “चालेल का म्हणून. मग सांगते तुला.”

“तिला कुठं विचारणार?”

“भेटेल आता.”

“आणि मला मग कशी सांगणार?”

हल्दाने एक डोळा उघडला. “ते काही डोक्यात आलं नव्हतं बघ,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता हल्दाला खोकला आला, एल्वाने तिला उठवून बसवलं, पाठीवर हात फिरवला. पाठ हाताला नुसती हाडंच लागली. नाव राहिलं ते राहिलं. चार दिवसांनी सकाळी, एल्वा शाळेत पाव भाजत असताना, शेजारीण तिला बोलवायला आली.

आत्याला पुरून आल्यावर एल्वाने संग्रहालय आठवडाभर बंद ठेवलं. मग थँक्सगिव्हिंग जवळ आलं आणि शाळेतल्या बाईंनी विचारलं, चौथीची मुलं येतील, चालेल का? दर वर्षी येतात. एल्वा नाही म्हणू शकली असती. तिने सकाळी जाऊन कडी काढली, शेगडी पेटवली. दाराजवळच्या खुर्चीत बसवेना, म्हणून उभी राहिली.

बावीस मुलं आली. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद होता, रेघांवर भरायचा: वस्तूचं नाव. कशासाठी वापरत. कुणी बनवली. मुलं हात मागे बांधून उभी राहिली. “हात लावा,” एल्वा म्हणाली. तिचा आवाज आत्यासारखा झाला नाही. मुलांनी घाबरत घाबरत हात लावला.

टोपल्यांच्या फळीपाशी एक चष्मेवाली मुलगी होती. ती टाचा उंचावून कार्ड वाचत होती, मोठ्याने, एकेक अक्षर लावून, वर्गात वाचतात तसं. “झाकणाची टोपली. बनवणारी... हल्दा... ॲशबो.”

आत्याला जाऊन अठरा दिवसच झाले होते. एल्वाला ती दिसली, वाटेवर, पाठमोरी, नाव ऐकून पाऊल थांबलेली. काही विचार करायच्या आत ती दोन ढांगांत फळीपाशी पोचली आणि तिने कार्ड उचलून एप्रनच्या खिशात घातलं. गेल्या वर्षी मागच्या खोलीत ती किती ओरडली होती, एक नाव लिहायला काय जातं म्हणून.

मुलगी वर बघत राहिली. आपण काही चुकीचं वाचलं का, अशा नजरेने. “मग आता मी काय लिहू?” तिने विचारलं. “ही कुणी केली?”

एल्वाने तोंड उघडलं. खिशातलं कार्ड खोटं होतं आणि त्यावरचं नाव आता घेता येत नव्हतं. खरं नाव तिच्याकडे नव्हतं, आता कुणाकडेच नव्हतं. मुलगी पेन्सिल धरून थांबली होती. मागे बाकीची मुलं उखळात मुसळ आपटत होती आणि सफरचंदांचा वास येत होता.

“आमच्यातल्याच एकीनं,” एल्वा म्हणाली.

मुलीने मान हलवली. कागद भिंतीला टेकवून तिने तिसऱ्या रेघेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘माहीत नाही’, आणि ती पुढच्या वस्तूकडे गेली.